त्या यंत्रात माझं मनगट आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हातानं होणारी कामं यंत्रं कशी गिळत चालली आहेत, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. खरं तर आधी त्याच्यासोबतचा फोटो पाहिला. एक बाई उघड्या खिडकीपाशी उभी राहून स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेमला इमल्शन, म्हणजे उजेड लागला की पक्कं होणारं रसायन, लावते आहे आणि सकाळचं कोवळं ऊन थेट फ्रेमवर पडलंय. फोटो देखणा आहे. ती फ्रेम मात्र वाया गेली असणार. इमल्शनला ऊन लागलं की त्यावर पुढं चित्र धड उठत नाही. हे काम पिवळ्या बल्बच्या अंधारखोलीत करतात. त्या खोलीत मी २८ वर्षं काढली आहेत, म्हणून हे पत्र.

लेखात आमच्या धंद्याबद्दल चारच ओळी आहेत. कोटिंगसारख्या, म्हणजे हे इमल्शन लावण्यासारख्या, नाजूक कामातही यंत्र आलं आणि हाताचा जिव्हाळा संपला, अशा अर्थाच्या. काम नाजूक आहे, कबूल. यंत्र आलंय हेही कबूल, आमच्याच दुकानात आलंय. जिव्हाळ्याचं तेवढं सांगायचं आहे, कारण ते हात माझे होते.

आमचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगर या कारखान्या-वर्कशॉपांच्या वस्तीच्या अलीकडे. माझ्या मिस्टरांनी १९८९ साली लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांवर ते सुरू केलं. मी १९९४ला लग्न होऊन आले. आता पत्रिका कमी, टी-शर्ट आणि कापडी पिशव्या जास्त. फुटबॉलच्या दिवसांत तालमींच्या संघांच्या पाठीराख्यांचे टी-शर्ट, चैत्रात जोतिबाच्या पिशव्या आणि श्रावण लागला की गणपती मंडळं. २०१८ला प्लास्टिकबंदी झाल्यापासून सुती पिशव्यांची कामं बारमाही झाली.

वाचकांपैकी बऱ्याच जणांना स्क्रीन म्हणजे काय ते ठाऊक नसेल. चौकटीवर ताणून बसवलेली पॉलिएस्टरची बारीक जाळी, ती स्क्रीन. टी-शर्टाला इंचात शंभर-सव्वाशे धाग्यांची, बारीक अक्षरांच्या पत्रिकेला तीनशेच्या आसपास. या जाळीवर इमल्शनचा थर द्यायचा, वाळवायचा, त्यावर चित्र काळ्यानं छापलेली पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. उजेड लागला तिथं थर पक्का होतो. फिल्मवरच्या काळ्याखाली तो कच्चा राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघून जातो. तिथल्या उघड्या जाळीतून शाई कापडावर उतरते. दर रंगाला वेगळी स्क्रीन. मंडळाच्या टी-शर्टवर गणपती, मंडळाचं नाव आणि खाली तीन नगरसेवकांचे फोटो असले, की चार-पाच स्क्रीन लागल्याच म्हणून समजा. काम झालं की थर औषध लावून धुऊन काढायचा आणि त्याच जाळीला पुन्हा नवा द्यायचा.

हा थर देणं म्हणजे कोटिंग. लग्नानंतर महिनाभरातच ते माझ्याकडे आलं, त्याचं कारण सासूबाई. मिस्टर आणि त्यांचा एक कामगार कोटिंग करायचे तर जाळीवर लाटा उठायच्या. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "हिला सारवाय येतंय, हिला द्या." मी कागल तालुक्यातल्या खेड्यातली. माहेरी शेणानं सारवलेलं घर होतं. हात एका दमात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही, पहिल्या पट्ट्यावर दुसरा पट्टा बोटभर चढवायचा, हे अंगात होतं. कोटर म्हणजे स्टीलची लांबट पन्हळ. तिच्यात इमल्शन ओतायचं, फ्रेम भिंतीला तिरकी टेकवायची, पन्हळीची धार जाळीच्या खालच्या कडेला लावून कलती करायची, इमल्शन धारेशी आलं की दोन्ही हातांनी सारख्या दाबानं वर ओढत न्यायचं. आधी कापडाला लागते ती बाहेरची बाजू, मग आतली, जिथून शाई ओढायचं रबर फिरतं ती. मग बाहेरची बाजू खाली करून आडवी वाळत ठेवायची, म्हणजे थर त्या बाजूला बसतो.

सारवणं ही उपमा मी शोभेसाठी देत नाही. सारवण कुणी बघत नाही. आठवड्यानं ते पुन्हा करायचंच असतं. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर पायाला खडबड लागते. कोटिंगही तसंच. ते गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही, टी-शर्टवर दिसत नाही, चार दिवसांत धुऊन गटारात जातं. लेखकाला ज्यात जिव्हाळा दिसला, ते आमच्या धंद्यातलं सारवण आहे. घरात फरशी आली तेव्हा माझ्या आईनं सारवणाची आठवण काढून डोळे पुसले नव्हते.

त्या हातांचं आणखी थोडं सांगते. नव्वदच्या दशकात इमल्शन उजेडानं पक्कं व्हावं म्हणून आम्ही त्यात अमोनियम बायक्रोमेट कालवायचो. नारिंगी खडे असतात, पाण्यात विरघळवून घालायचे. स्वस्त होतं आणि सगळेच ते वापरत. हातमोजे कुणाला माहीत नव्हते. माझी नखं कायम नारिंगी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, मेंदी उतरली का म्हणून. बोटांच्या बेचक्यांत फोडी यायच्या, त्या महिना महिना भरायच्या नाहीत. तो क्रोमियमचा विषारी प्रकार आहे, त्यानं कॅन्सरही होतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग त्याच्या जागी डायझो नावाचं रसायन आलं, आता तयार कालवलेलं फोटोपॉलिमर इमल्शन येतं. आम्ही जे धुतलं ते गटारातून पंचगंगेकडेच गेलं, हेही इथं लिहून टाकते. नदी कुणी नासवली याच्या बातम्या छापून येतात, तेव्हा मी पान उलटते.

कोटिंग बिघडलं तर काय होतं? थर जाड झाला की ठरल्या वेळेचा उजेड तळापर्यंत पोचत नाही, वरून पक्का दिसतो आणि धुताना सगळा सुटून येतो. पातळ झाला की जास्त भाजतो, बारीक अक्षरं बुजतात, कडेला जाळीचे दाते दिसतात. म्हणजे उजेडाची वेळ थरावर ठरते आणि थर माझ्या हातावर. सकाळच्या माझ्या पहिल्या दहा स्क्रीन आणि संध्याकाळच्या शेवटच्या दहा यांना एकच वेळ चालत नसे. मिस्टर स्क्रीन उजेडापुढं धरून रंगावरून अंदाज घेत आणि वेळ पंधरा-वीस सेकंद कमी-जास्त करत. पूर्वी तर उन्हातच एक्स्पोज करायचो, काचेखाली फ्रेम ठेवून आकडे मोजत. ढग आला की सगळे वर बघत उभे.

त्यात कोल्हापूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टात खोलीत ओल इतकी की कोटिंग सहा-सहा तास वाळत नाही. वरून कोरडं लागतं, आत ओलं. त्यावर प्रकाश दिला की धुताना फाटतं. आणि नेमकं तेव्हाच मंडळांचं काम. रात्री अकराला मी केस वाळवायचं यंत्र घेऊन फ्रेमांपुढं बसायचे. एकदा वाळत्या थरावर डास चिकटला, मला पिवळ्या उजेडात दिसला नाही. उत्तरेश्वर पेठेतल्या एका मंडळाच्या दोनशे टी-शर्टवर गणपतीच्या गालावर तीळ उठला. मंडळाची पोरं मोठ्या मनाची, म्हणाली, "राहू दे वैनी, नजर लागणार नाही."

डिसेंबर २०२१मध्ये खांदा गेला. लहान फ्रेमांचं काही नाही, पण बेडशीटच्या कामाला ३० बाय ४० इंची फ्रेम लागते. ती उभी केली की कोटर डोक्याच्या वर न्यावा लागतो, भरलेला, दोन हातांत, अजिबात न थरथरता. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, रंगारी आहात का? मी म्हटलं, तसंच काहीतरी. खांद्याचा स्नायू फाटला होता. वेणी घालायला मुलगी लागायची.

पुढचा गणपती २०२२चा. कोरोनाचे निर्बंध उठल्यानंतरचा पहिला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं त्या वर्षी आलं. कोटिंगला मिस्टर, पुतण्या आणि रोजावरचा एक मुलगा. मिस्टर दाबून धरत, थर कागदासारखा पातळ. रोजावरच्या पोराच्या मध्ये थांबल्याच्या रेघा. पुतण्या बरा होता, पण त्याचं कॉलेज. पन्नास स्क्रीन केल्या तर वीस परत धुवायला. माझ्या हातूनही पन्नासात सात-आठ जायच्या, ते लपवत नाही. त्या श्रावणात मी खुर्चीवर बसून तिघांना सूचना देत होते. चांगला हात असलेलं माणूस नुसतं बोलून हात शिकवू शकत नाही, हे मला तिथं समजलं. "हलका धर" म्हटलं की ते कोटरच सोडायचे.

गणपती गेले आणि आम्ही यंत्राची चौकशी केली. परदेशात ही यंत्रं फार वर्षांपासून आहेत. फ्रेम उभी अडकवायची, पुढून आणि मागून एक-एक कोटर, दोन्ही एकदम वर सरकतात. भाव ऐकल्यावर मिस्टरांनी फोन ठेवून चहा मागवला. मग पुतण्या म्हणाला, "काकी, उद्यमनगर पायाखाली असताना आपण बाहेर का विचारतोय?"

आमच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. त्यांच्या आजोबांनी ऑइल इंजिनं दुरुस्त केली, वडिलांनी गुऱ्हाळाचे चरक. हे स्वतः काय वाटेल ते करतात. दुकानात आले, परदेशी यंत्राचा व्हिडिओ पुतण्यानं मोबाइलवर दाखवला तर अर्धाच बघितला. म्हणाले, "त्येचं राहू द्या. वैनी, तुमी कसं करता त्ये दावा."

मी दुखऱ्या खांद्यानं तीन फ्रेमा करून दाखवल्या. पुतण्यानं शूटिंग केलं. मिस्त्रींनी कंपासपेटीतला कोनमापक लावून कोटरचा कल मोजला, खाली किती, मध्ये किती, वर किती. मग पार्सलचा वजनकाटा टेबलावर घेतला, त्यावर फ्रेम आडवी ठेवली आणि म्हणाले, भिंतीवर दाबता तेवढंच हितं दाबा. मी कोटर ओढत गेले आणि ते आकडे वाचत गेले. सुरुवातीला तीन किलो, मधे सव्वादोन, शेवटी परत पावणेतीन. मी म्हटलं, काटा बिघडलाय, मी सारखंच दाबते. त्यांनी पाच वेळा करायला लावलं, पाचही वेळा तेच. मध्यावर माझा हात हलका होत होता आणि २८ वर्षांत ते मलाच माहीत नव्हतं.

यंत्र उभं राहायला अडीच महिने लागले. दोन उभे दांडे, त्यांवर सरकणारा गाडा, उलट्या बाजूला वजन, खाली गिअरची मोटर, वेग कमी-जास्त करायचा ड्राइव्ह, वर-खाली थांबवणारे स्विच आणि कोटर जाळीवर दाबायला हवेचे चार छोटे सिलिंडर. गाडा ओढायला मिस्त्रींनी सायकलची चेन लावली. स्वस्त आणि कोपऱ्यावर मिळते.

पहिल्या स्क्रीनवर आडव्या पट्ट्या उठल्या. दुसरीवर, तिसरीवर तशाच. पुतण्या म्हणाला वेग चुकला, मिस्टर म्हणाले इमल्शन चुकलं. मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. अर्धा इंच. पुढचं, अर्धा इंच. काही न बोलता त्यांनी पट्टी चेनवर धरली. सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर बरोब्बर अर्धा इंच असतं. कडी चक्राच्या दात्यावर चढली की गाडा कणभर झटका घेत होता आणि तो झटका माझ्या जाळीवर लिहिला जात होता. चेन काढून दात्याचा रबरी पट्टा घातला, पट्ट्या गेल्या. आमच्या दुकानात "अर्धा इंच" हा आता वाक्प्रचार झालाय. बाहेरचं काही बिघडलं की आधी मोजायचं, मग भांडायचं.

पुढची अडचण वरच्या टोकाला. गाडा थांबून कोटर सुटला की तिथं इमल्शनचा ओठ राहायचा आणि तो ओघळून खाली यायचा. मी हातानं करताना काय करते? शेवटचं दोन बोटं अंतर उरलं की कोटर मागं कलता करते, इमल्शन पन्हळीत परत जातं, मग रिकाम्या धारेनं थोडं वर पुसून उचलते. हे मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं, सांगायचं असतं हेही कळलं नव्हतं. मिस्त्रींनी वर एक कलता तुकडा बसवला. गाडा त्यावर चढला की कोटर आपोआप मागं झुकतो. त्या तुकड्याला सगळे "वैनींचं मनगट" म्हणतात. बिघडलं की पोरी हाक मारतात, "वैनी, मनगट ढिलं झालंय." नवं माणूस दचकून माझ्याकडे बघतं.

सगळ्यात महाग पडली तिसरी अडचण. यंत्रानं काही स्क्रीन उत्तम दिल्या आणि काहींच्या पोटात थर जाड. तीच मोटर, तोच दाब. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला वजनकाटा आठवला. ज्या मध्यावर माझा हात हलका व्हायचा, तिथंच यंत्राचा थर जाड येत होता. आमच्या निम्म्या फ्रेमा लाकडी, हातानं ताणून खिळे-पिनांनी बसवलेल्या, पावसाळ्यात फुगलेल्या. जाळी मध्ये सैल. माझा हात ते सांभाळून घेत होता. यंत्र सांभाळून घेत नाही, ते सगळ्या फ्रेमांना एकच फ्रेम समजतं.

म्हणजे यंत्र आणून भागलं नाही, जाळ्याच नीट ताणाव्या लागल्या. ताण मोजायला टेन्शन मीटर नावाचं घड्याळासारखं उपकरण मिळतं. मिस्टर म्हणाले, आधी घरात लावून बघूया. सैल जाळ्या निघाल्या त्या फ्रेमा बाद केल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या आणल्या, त्यांच्यावर सेंटिमीटरला वीस न्यूटनच्या वर ताण ठेवून जाळी चिकटवून घेतली. या फ्रेमांना यंत्रापेक्षा जास्त पैसे गेले. लाकडी फ्रेमा थंडीत बंबात गेल्या. ज्यांना वाटतं यंत्र आणलं की काम सुटलं, त्यांनी हा खर्च आधी धरावा. आमच्या धंद्यातले दोघे-तिघे यंत्र बघून गेले, फ्रेमांचं ऐकल्यावर पुन्हा आले नाहीत.

आता हिशेब. यंत्र माझ्यापेक्षा जलद नाही. मी तीस इंची ओढ आठ-दहा सेकंदांत घ्यायचे, ते तीस सेकंद घेतं, कारण घाई केली की जाळीच्या भोकांत हवा अडकते. पण दोन्ही बाजू एकदम होतात, म्हणून शेवटी वेळ तेवढाच. फरक दुसरीकडे पडला. सकाळची स्क्रीन आणि संध्याकाळची स्क्रीन सारखी येते, त्यामुळं प्रकाशाची वेळ एकदा ठरवली की बदलावी लागत नाही. फिकटापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची एक चाचणी-पट्टी असते, ती स्क्रीनवर उठवून बघायची. सातव्या पायरीपर्यंत थर टिकला की वेळ बरोबर. पूर्वी ही पट्टी आमच्याकडे ड्रॉवरमध्ये पडून होती, कारण दर स्क्रीनला ती वेगळं सांगायची. आता भिंतीला लावलीय. पन्नासात एखादी स्क्रीन परत जाते. इमल्शन कमी लागतं, गटारात कमी जातं. पावसाळ्यासाठी वाळवणीचं बंद कपाट केलंय, ओल ओढणारं यंत्र आणि पंखा लावून. उष्णता चाळिसाच्या आत ठेवतो. केस वाळवायचं यंत्र आता मुलीकडे आहे.

आणि कोण बेकार झालं? तर मी. त्या खोलीतून सुटले. आता गिऱ्हाइकांशी बोलते, शाई कालवते, रंग जुळवते. आधी ते मिस्टर करायचे आणि मंडळांचा भगवा दरवर्षी वेगळा यायचा.

खोलीत दोन मुली काम करतात. बटण दाबणं त्यांना एका दिवसात आलं. तरी मी दोघींना पहिले दोन महिने लहान फ्रेमा हातानंच करायला लावल्या. कुरकुरल्या. मोठीच्या आईनं येऊन विचारलंसुद्धा, यंत्र असताना पोरीला का राबवता म्हणून. कारण असं की इमल्शनची तार बघावी लागते, चिकीच्या पाकासारखी. एप्रिलमध्ये ते दाटतं, ढवळल्यावर लगेच वापरलं तर बुडबुडे राहतात, रात्रभर झाकून ठेवावं लागतं. यंत्राला हे कळत नाही, बुडबुड्याचं इमल्शन ओतलं तर ते शांतपणे शंभर भोकं पाडून देतं. मागच्या मार्गशीर्षात स्क्रीनवर एक उभी रेघ येऊ लागली. पुतण्या मोटर तपासत बसला. धाकटीनं कोटर काढला, धारेवरून नख फिरवलं आणि एका जागी थांबली. धुताना कुठंतरी आपटून धारेला बारीक दाता पडला होता. हातानं काम केलेलं नख होतं म्हणून थांबलं, एवढंच माझं म्हणणं.

आता ज्या गोष्टीसाठी लेखकानं खरं तर लिहायला हवं होतं ती. यंत्रासाठी आम्ही एका बँकेत कर्ज मागायला गेलो. लघुउद्योगांच्या यंत्रांना कर्ज मिळतं असं फलकावरच लिहिलं होतं. साहेब भले होते. म्हणाले, कंपनीचं कोटेशन आणा, कॅटलॉग आणा, मॉडेल नंबर लागेल. आम्ही मिस्त्रींनाच घेऊन गेलो. साहेबांनी अर्ज पुढं ओढून विचारलं, "मॉडेल नंबर काय लिहू?" मिस्त्री म्हणाले, "लिवा, एक." साहेब हसले, पण अर्ज पुढं गेला नाही. बाहेरून आणलेल्या यंत्राला, दुप्पट-तिप्पट भावाचं असतं तरी, कर्ज बसत होतं. मागच्या गल्लीत बनणाऱ्याला रकाना नव्हता. मिस्त्रींच्या कागदावर काय होतं? लोखंड इतकं, मोटर जुनी एक, मजुरी. तीन किलो दाब मधे सव्वादोन का होतो हे शोधण्याचे त्यांचे दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे?

बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्यांना कुणी मॉडेल नंबर विचारला नाही म्हणून बरं.

माझ्या पाटल्या गहाण पडल्या आणि चौदा महिन्यांत सुटल्या. सगळ्यांकडे पाटल्या नसतात. माझी सूचना साधी आहे. गावात बनलेल्या यंत्राला कर्ज देताना जवळच्या पॉलिटेक्निकचे एखादे प्राध्यापक येऊन ते चालताना बघू देत, दाखला देऊ देत आणि तो कागद कोटेशनच्या जागी धरावा. पोरांनाही बघायला मिळेल. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात अशी बिननंबरी यंत्रं किती असतील! त्यांच्यावर एक पुरवणी काढा. हात हरवल्याचा लेख लिहिणाऱ्यांनी उद्यमनगरात एक दुपार काढली, तर हात कुठं गेलेत ते दिसेल.

पत्र लांबलंय, कात्री लावाल ते ठाऊक आहे. अर्ध्या इंचाचा भाग तेवढा ठेवा, मिस्त्रींना वाचून दाखवायचं कबूल केलंय. माझं नाव छापू नये. दुकानाचं कळलं की यंत्र आहे म्हणून गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

आपली वाचक,
एक स्क्रीन प्रिंटर, कोल्हापूर

ता. क. : पुतण्यानं यंत्राचा आराखडा एका उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागं काढला होता, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आमचा पत्ता आपल्या कचेरीत दिलाय. धंद्यातल्या कुणाला यंत्र बघायचं असेल तर जरूर पाठवा, मिस्त्री पैसे न घेता समजावून सांगतात. फक्त नागपंचमी ते अनंत चतुर्दशी कुणी येऊ नये. आणि छायाचित्रकार पाठवणार असाल, तर खोलीत फ्लॅश मारायचा नाही.